बरा झालो, असं मी माईकवर सांगितलं

मला साखर होती, आणि ती गेली असं मी एका शुक्रवारी संध्याकाळी पन्नासेक माणसांसमोर माईकवर सांगितलं. ती गेली नव्हती. गेल्या होत्या त्या गोळ्या. आदल्या दिवशी मीच त्या संडासात टाकून वर बादलीभर पाणी ओतलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो माझा आणि माझ्या शरीराचा आपसातला मामला राहिला असता. पण मला गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे. रविवारच्या शाळेत वचनांच्या पाठांतरात मी दरवर्षी शेवटचा यायचो आणि गोष्ट सांगण्यात पहिला. बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आजोबा मुंबईत आले तेव्हापासून चर्च एकच, पेटीवर गायची गाणी तीच, आणि पाळकसाहेबांचा उपदेश पंचवीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं डुलकीची. नव्वदच्या पुढेमागे सानपाड्याला वन-रूम-किचन मिळालं आणि ते चर्च खाडीपलीकडे राहिलं. रविवारी आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून तिथवर जाणं जिवावर यायला लागलं. तेवढ्यात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, फरशीच्या दुकानाला लागून असलेल्या शटरच्या गाळ्यात प्रार्थनासभा सुरू झाली. चप्पल घालून तीन मिनिटांत पोचता यायचं. मी सत्याच्या शोधात तिथं गेलो असं पुढं बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे जवळ पडत होतं म्हणून गेलो.

गाळा चालवणारा पस्तिशीचा होता. पांढराशुभ्र शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ, अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. कुठल्या मंडळीतून आला, कोणाकडं शिकला, हे कोणी विचारलं नाही. त्याच्याकडं कीबोर्ड होता आणि माईकला एको होता. बारा बाय वीसच्या गाळ्यात एको लावून हालेलुया म्हटलं की फरशीच्या दुकानातल्या फरशासुद्धा आमेन म्हणतायत असं वाटायचं.

शिकवण सोपी होती. आजार म्हणजे सैतानाची थाप. अंगावर दिसतं ते नुसतं लक्षण. ते आहे असं तोंडानं म्हटलंत की तुम्ही त्याला घरात घेतलंत. म्हणून आधी बरा झालो म्हणायचं, मग बरं व्हायचं. आणि गोळी घेणं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं.

आमच्या जुन्या चर्चमध्ये साक्ष म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची. एखाद्या म्हातारीचं ऑपरेशन व्हायचं, टाके निघायचे, मग ती रविवारी उभी राहून दोन वाक्यं बोलायची, रडायची आणि खाली बसायची. गाळ्यात साक्ष आगाऊ द्यायची. विश्वासानं. जे झालं नाही ते झालं म्हणून सांगायचं, की ते होतं.

आता माझा धंदा बघा. मी तुर्भ्याकडच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर्स क्लार्क. माल गेटवर आला की चलन बघायचं, वजन करायचं, टेस्ट सर्टिफिकेट लावायचं. ड्रमवर लेबल आहे म्हणून आत तेच असेल असं मी बारा वर्षांत कधी मानलं नाही. झाकण उघडून बघायचो. ग्रीसच्या डब्यालासुद्धा मी सोडलं नाही. आणि देवाच्या नावाचं लेबल लावून एक अनोळखी माणूस गाळ्यात काहीतरी उतरवत होता, तिथं मात्र मी डोळे मिटून सही केली. वर हात उंच करून केली.

माझी साक्ष हिट झाली. मी सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी डोक्यापासून पायापर्यंत कोमट तेल ओतल्यासारखं झालं. सांगितलं की रक्त तपासलं तर रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, हे कसं शक्य आहे. तपासणी झालीच नव्हती. तो डॉक्टर मी उभ्याउभ्या तयार केला. त्याला चष्मा दिला. शेवटी तर त्याच्या डोळ्यांत पाणीही आणलं. ब्रदर कीबोर्डवर हळू सूर धरून होता आणि मान डोलावत होता. सभेनंतर त्यानं माझा खांदा दाबला. "तुमच्या जिभेवर अभिषेक आहे," म्हणाला. त्या साक्षीची कॅसेट निघाली. ती उरणपर्यंत गेली. तिकडून येणारा आमच्या कारखान्यातला एक फिटर मला गेटवर नमस्कार करायला लागला, आणि मी तो घ्यायला लागलो.

त्या दिवशी सगळ्यात पुढं चटईवर एक कोळीण बसली होती. खाडीकाठच्या दिवाळे गावची, साठीच्या आतबाहेरची. सानपाड्याच्या मार्केटात मासे विकायची. टोपली शटरबाहेर ठेवून आत यायची. जन्मानं हिंदू, आणि तशीच राहिलेली. येशूचं ऐकायला आवडतं म्हणून यायची. तिला तरुणपणापासून फिट यायची. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांच्या जोरावर आठ वर्षं तिला एकदाही फिट आली नव्हती. सभा संपल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले.

"दादूस, खरंच गेली तुजी साखर?"

"गेली, मावशी."

"मंग माजी फिट पन जाईल?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेव असं कोणी सांगितलं नव्हतं. आजही आठवलं की तो हात कुठंतरी नेऊन ठेवावासा वाटतो, माझ्यापासून लांब.

आठवड्याभरात आमच्या संडासात मुंग्या झाल्या. लाल, बारीक, भिंतीवरून शिस्तीत रांग लावून येणाऱ्या. बायको बालवाडीत शिकवते. तिला रांगा बरोबर दिसतात.

"अहो, बघितलंत का?"

"काय?"

"मुंग्या. तुम्ही जाऊन आलात की येतात."

"फिनेल टाक."

"फिनेल टाकते. पण तुमची साक्ष ह्यांनी ऐकलेली दिसत नाही."

मी तिच्यावर ओरडलो. अविश्वासानं बोलू नकोस म्हणालो. घसा कोरडा पडलेला, उठताबसता पाणी पीत होतो, पायांची आग होत होती, चष्मा लावूनही चलनावरचे आकडे पुसट दिसत होते. आणि तोंडानं मी म्हणत होतो, मी बरा आहे. माणसाला ताप आलाय हे त्यानं म्हणायचं नाही, बायकोनं म्हणायचं नाही, आता मुंग्यांनीही म्हणायचं नाही. ह्या शिकवणीतला खरा कावा हा आहे. बोललास तर विश्वास गेला. गप्प बसलास तर पाय गेला. आणि कॅसेट उरणपर्यंत गेलेली! आता कुठल्या तोंडानं सांगायचं? विश्वासाचं राहू द्या, मला माझ्या नमस्काराची काळजी होती.

तीनेक आठवड्यांनी मी मार्केटात गेलो तर मावशीच्या जागी तिची सून बसली होती. मला बघून तिनं हातातला पापलेट पाटावर आपटला.

"आलाव? या. बगा."

"मावशी कुठंय?"

"घरी. परली ना ती. हितंच, या कोयत्यावर." तिनं मासे कापायचा कोयता पायाखाली सरकवला. "आठ वर्सं फिट नाय, आनी परवा आली. हात फाटला मनगटापासून हितपत. चार बोटं वर लागलं असतं तं गला व्हता."

"गोळ्या…"

"कनच्या गोल्या? तुमचीच टेप लावते रोज. साखरवाला दादूस बरा झाला, मी पन व्हनार, बोलते. आमी सगली सांगून दमलू. ऐकत नाय. आयतवारपासून परत कोयत्यावर बसते बोलते, गोल्यांबिगर."

बाजूच्या कोळणी ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "ह्योच का त्यो?" सून म्हणाली, "ह्योच."

तिथून मी थेट गाळ्यावर गेलो. ब्रदर खुर्च्या लावत होता. मी सांगितलं काय झालं ते. म्हटलं, तुम्ही चला माझ्याबरोबर, तिला सांगू की गोळ्या सुरू कर. तो खुर्च्या लावतच राहिला.

"विश्वास कमी पडला तिचा," तो म्हणाला. "घरात मूर्ती आहे अजून. दार उघडं असलं तर सैतान येणारच ना, ब्रदर."

"तिचा हात फाटलाय."

"नीगेटिव्ह बोलू नका. जिभेत जीवन आणि मरण आहे."

"आणि माझी साखर? मीही बरा झालेलो नाही."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. राग नव्हता चेहऱ्यावर. एखादं यंत्र चालत नाही म्हटल्यावर मेकॅनिक बघतो तसं बघितलं. "मग तुमचंही तेच," म्हणाला. "तपासून बघा स्वतःला. काहीतरी लपवताय देवापासून."

मला आजवर आलेल्या रागांमध्ये तो राग मी वेगळा काढून ठेवलाय. माणूस बरा झाला तर श्रेय ब्रदरच्या प्रार्थनेचं. नाही झाला तर दोष त्याच्याच विश्वासाचा. दोन्हीकडून ब्रदर मोकळा! आमच्या कारखान्यात असा सप्लायर आला असता, ज्याचा माल चांगला निघाला तर त्याचा आणि खराब निघाला तर तुमच्या गोडाऊनचा दोष, तर मी त्याला गेटच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. आणि ज्यानं रोग्यांना हात लावला, भुकेल्यांना जेवू घातलं, कुणाला तुझा विश्वास कमी म्हणून आजारी परत पाठवलं नाही, त्याच्या नावावर हे सगळं चाललेलं. ती बाई रक्तात पडली होती आणि हा खुर्च्या सरळ रांगेत लावत होता. मी एक खुर्ची लाथेनं पाडली. ती प्लास्टिकची होती, पडल्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासून घेतलं. खरा डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. रिपोर्ट बघून म्हणाला, "गोळ्या कोणी बंद केल्या?" मी म्हणालो, "मी." तो म्हणाला, "शिकलेले दिसता," आणि चिठ्ठी लिहायला लागला.

मग मी खाडी ओलांडून जुन्या पाळकसाहेबांकडे गेलो. निवृत्त झाले होते, सत्तरीचे. मला वाटलं होतं, ते मला जवळ घेतील, बायबलातल्या, घरी परतलेल्या उधळ्या मुलासारखं काहीतरी होईल. ते टेबलाशी बसून स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत होते. मी सगळं सांगेपर्यंत त्यांचा गुरुवार झाला.

"साहेब, माझा विश्वास कमी पडला का?"

"विश्वास कशाला कमी पडेल? जास्तच झाला. नको त्या माणसावर." शुक्रवारची गोळी त्यांनी आत टाकली. "शुभवर्तमान लिहिणाऱ्यांतला एक वैद्य होता, माहीत आहे ना? त्यानं काही औषधांची पिशवी समुद्रात फेकून दिली नव्हती. देव गोळीतूनही बरं करतो, गोळीशिवायही करतो, आणि कधी कधी करतही नाही. तेव्हासुद्धा तो देवच असतो. एवढं साधं मी तुम्हांला वीस वर्षं शिकवलं."

"मी तेव्हा झोपायचो, साहेब."

"दिसायचं मला वरून."

मी विचारलं, आता काय करू. प्रार्थना करू या म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "प्रार्थना मी करतो. तू जाऊन साक्ष परत घे. जिथं दिलीस तिथं, आणि त्या बाईच्या घरी जाऊन. चिठ्ठी पाठवू नकोस. तू लिहायला बसलास की परत रंगवशील."

शुक्रवारी मी गाळ्यात गेलो. साक्षीची वेळ झाली तसा हात वर केला. खुर्ची पाडणारा पश्चात्ताप करायला आलाय असं ब्रदरला वाटलं असावं, त्यानं माईक दिला. मी म्हणालो, "मी गेल्या महिन्यात सांगितलं की मी बरा झालो." सगळे म्हणाले, "आमेन!" मी म्हणालो, "मी बरा झालो नाही." सगळे म्हणाले, "हालेलुया!" कीबोर्डवर सूर सुरू झाला होता, एको तर होताच, आणि साक्ष म्हटली की कुठं थांबून काय म्हणायचं हे लोकांना पाठ होतं. मी ओरडून म्हणालो, "तो डॉक्टर खोटा होता! औषधं सोडू नका!" ब्रदरनं आवाज वाढवला आणि सगळ्यांना उभं केलं. टाळ्या वाजायला लागल्या. माझ्या हातातला माईक बंद झाला तरी मी बोलतच होतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं रडून माझे हात धरले आणि विचारलं, "मीही सोडू का माझ्या?" मी म्हणालो, "नाही! सोडू नका! तेच सांगतोय!" तिनं तरी ऐकलं असावं. बाकीच्यांना ह्या वेळची साक्ष पहिल्यापेक्षा जोरदार वाटली. माझ्या आयुष्यात मी तेवढं खरं एकदम कधी बोललो नव्हतो, आणि तेव्हाच कोणी ऐकलं नाही.

बाहेर येऊन मी फरशीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. बाजूला काही जण चपला शोधत होते. एकानं मला सांगितलं, "ब्रदर, आज आत्मा फार जोरात होता तुमच्यावर." मी त्याला शिवी दिली. मराठी ख्रिस्ती माणूस सहसा देत नाही अशी. ती मात्र त्याला स्पष्ट ऐकू गेली.

शनिवारी सकाळी दिवाळ्याला गेलो. खाडीकाठची वाट, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील, ओढून ठेवलेल्या होड्या. मावशीच्या घरात भिंतीवर देवी होती, आणि तिच्या शेजारी, त्याच खिळ्याला सुतळीनं बांधून, येशूचं कॅलेंडर. मावशी खाटेवर बसली होती. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. बाजूला टेपरेकॉर्डर. सून दारात उभी राहिली, मला आत येऊ द्यावं की नाही ह्या विचारात.

"आला माजा दादूस," मावशी म्हणाली. "बरा हाय ना तू? बस. मना सांग, माजा इस्वास कुठं कमी परला? ब्रदर बोलतो देवी घरातून कार. देवी मी नाय कारनार. पन बाकी काय बोलशील तं करते. उद्यापासून मना मार्केटात बसाचं हाय."

मी मनात तयारी करून आलो होतो. हळूहळू विषय काढायचा, आधी शास्त्रातला दाखला द्यायचा, मग माझं. पण ती पट्टी बघितली आणि दाखला विसरलो.

"मावशी, मी खोटं बोललो."

"काय?"

"माझी साखर गेली नाही. तेव्हाही गेली नव्हती. मी डॉक्टरकडं गेलोच नव्हतो तेव्हा. आता गेलो. गोळ्या परत सुरू केल्यात."

तिनं टेपरेकॉर्डरकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"त्यो डाक्टर रडला, त्यो?"

"नव्हताच कोणी डॉक्टर."

"अंगावर त्याल?"

"गाळ्यात पंखा बंद होता. घाम होता तो."

सून हसली, पण लगेच तोंड फिरवून. मावशी हसली नाही. बाहेर कोणीतरी होडीला ठोकत होतं. आता ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. कोळणीच्या शिव्या मार्केटात ऐकल्या होत्या, त्यातल्या कुठल्याही माझ्यावर बसल्या असत्या.

"तुझा विश्वास कमी पडला नाही, मावशी," मी म्हणालो. "तू विश्वास ठेवलास तो माझ्या थापेवर. येशूनं तुला गोळ्या सोड म्हणून कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तू गोळ्या घेतल्याशिवाय मी इथून उठत नाही."

"गोल्या टाकल्या नाय मी," ती म्हणाली. "तुज्यासारकी याडी नाय. तांदलाच्या डब्यात हायेत." सुनेला म्हणाली, "आन गं."

सुनेनं गोळी आणली, पाणी आणलं. मावशीनं उजव्या हातानं गोळी तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघत बघत गिळली. गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून, दवाखान्यात दाखवतात तसं.

"जालं समाधान?"

"झालं."

"येसू तिथंच ऱ्हानार." तिनं हनुवटीनं कॅलेंडर दाखवलं. "त्यानं काय केलंय? चूक तुजी हाय."

"हो."

मला रडू येत होतं. माझ्या साक्षीतल्या डॉक्टरसारखं नाही, नाक वाहून, कसंतरीच. सुनेला माझी दया आली असावी, किंवा पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं हा विचार असेल, तिनं आतून चहा आणला. काठोकाठ भरलेला, दाट, गुळमट वासाचा. इतकं झाल्यावर तो नको म्हणणं मला फार वाईट दिसेल असं वाटलं. मी कप उचलून ओठांपर्यंत नेला.

"ठेव त्यो कप खाली!" मावशी ओरडली. "साखर हाय ना तुला? आताच बोललास ना? येवरा शिकलेला मानूस, आनी अक्कल सुक्या बोंबलायेवरी पन नाय."